त्याला अर्ध्या म्हणत

लिफ्टच्या कंपनीत त्याला सगळे अर्ध्या म्हणत. नवी पोरं कामाला लागली की सुरुवातीला बिचकायची, बापाच्या वयाच्या माणसाला असं कसं हाक मारायचं म्हणून. पण फोन वाजला की तोच उचलून म्हणायचा, "हां, अर्ध्या बोलतोय." मग त्यांचीही भीड चेपायची. कोणाला वाटायचं उंची कमी म्हणून हे नाव पडलं असेल, कोणाला वाटायचं चहा नेहमी अर्धाच पितो म्हणून. तो कोणाचीच समजूत दुरुस्त करायच्या भानगडीत पडायचा नाही. खरं कारण घरात फक्त बायकोला ठाऊक होतं, आणि ती त्याबद्दल कोणाशी बोलत नसे.

कारण शाळेतलं होतं. सात वर्षांचा असताना बाकीची पोरं धडे घडाघडा वाचायची आणि हा पहिल्याच ओळीवर अडकायचा. म आहे की भ, हे बघेपर्यंत पुढचं अक्षर हलायचं. काना एका अक्षराचा, जाऊन चिकटायचा दुसऱ्याला. कालचा शब्द आज पुन्हा समोर आला तर त्याला तो परका वाटायचा. वडील लाकडाच्या वखारीत कामाला होते. अक्कल आणि खिळा दोन्ही ठोकल्याशिवाय आत जात नाहीत, असं त्यांचं ठाम मत होतं. ते ठोकायचे. आत काही जायचं नाही.

आई शर्टाच्या कॉलर शिवायची. कारखान्यातून कापलेल्या कापडांचे गठ्ठे यायचे आणि संध्याकाळी गाडी यायच्या आत ते पुरे करून द्यावे लागायचे. अशाच एका दुपारी तो मशीनपाशी बसून रडत होता. पाठीवर वळ होते. आईने पॅडलवरचा पाय थांबवला नाही. मशीन चालवता चालवता ती म्हणाली, "काही देवांची पोरं माणसांत जन्माला येतात. त्यांचे डोळे देवांची लिपी वाचायला केलेले असतात, म्हणून त्यांना आपली अक्षरं दिसत नाहीत. तू तसला आहेस. अर्धा देव." त्याने विचारलं, उरलेला अर्धा कोण? आई म्हणाली, "उरलेला तुझ्या बापाचा. तोच मार खातो." तो हसला, रडायचा थांबला आणि खेळायला गेला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी त्याला वाचायला उभं केलं. नेहमीसारखी गाडी अडली. तुला झालंय तरी काय, असं त्यांनी विचारल्यावर त्याने जे कारण ठाऊक होतं ते सरळ सांगून टाकलं. सगळा वर्ग हसत सुटला. मास्तरांना विनोदाचं वावडं नव्हतं. त्यांनी दाराकडे हात करून म्हटलं, "अर्धदेव, आपण जरा बाहेर उभे राहावे." मधल्या सुट्टीपर्यंत तो अर्धदेव होता, शाळा सुटेपर्यंत अर्धा, आणि वर्ष सरता सरता अर्ध्या. शाळा कायमची सुटली तेव्हा नाव त्याच्याबरोबर बाहेर आलं.

आईला त्याने यातलं काहीच सांगितलं नाही. ती गोष्ट मात्र त्याने टाकूनही दिली नाही. मोठा झाल्यावर ती खरी मानायचा असं नव्हे, तेवढं डोकं त्याला होतं. पण कुठे अर्ज भरायची वेळ आली, चार माणसांत कोणी कागद पुढे केला आणि कानशिलं तापली की आत कुठेतरी ते वाक्य असायचं: माझे डोळे दुसऱ्या कशासाठी केलेत. तेवढ्यावर वेळ निभायची.

बाकीची वेळ तो युक्तीने मारून न्यायचा. चष्मा घरी राहिला. अंगठ्याला लागलंय. तूच वाच रे, तुझा आवाज खणखणीत आहे. मामाने त्याला लिफ्टच्या कामाला लावलं आणि त्या कामात अक्षरांशी फारसं वैर नव्हतं. वायरींना रंग होते. मशीन रूममध्ये उभं राहिलं की मोटरचा आवाज ऐकून ब्रेक घासतोय की नाही ते कळायचं. काम झाल्यावर लिहायचा अहवाल कामावरचा जोडीदार लिहायचा, त्या बदल्यात लिफ्टखालच्या खड्ड्यातली, पिटातली, चिकट घाण हा एकटा काढायचा. ताकास तूर न लागू देता त्याने इतकी वर्षं नोकरी काढली.

बायकोपुढे मात्र ते चाललं नव्हतं. लग्नाआधी दोघं दोनदा-तीनदा जेवायला बाहेर गेली, तेव्हा हा दर वेळी मेनूकार्ड मिटून म्हणायचा, तुम्ही घ्याल तेच मला. तिसऱ्या वेळी तिने मुद्दाम कारलं मागवलं. त्याने खाली मान घालून सगळं संपवलं. बाहेर रस्त्यावर आल्यावर तिने विचारलं, "वाचता येत नाही ना?" तो नाही म्हणाला. ती चालता चालता म्हणाली, "बरं. मला शिट्टी वाजवता येत नाही." विषय तिथे संपला. लग्नानंतर रोज सकाळी ती त्याला पेपर वाचून दाखवू लागली, आणि मधली तिला न पटलेली वाक्यं बदलूनही सांगू लागली.

पन्नाशी उलटली होती तेव्हा धाकट्या बहिणीच्या मुलीचं प्रकरण निघालं. भाची नऊ वर्षांची होती, बोलायला पोपट, आणि पुस्तक उघडलं की पोटात दुखायला लागायचं. शाळेने एका केंद्रात पाठवलं. तिथे तपासणी झाली आणि डिस्लेक्सिया हा शब्द घरात आला. केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी पालकांची बैठक ठेवली होती. बहीण एकटी जायला घाबरत होती, म्हणून म्हणाली, दादा, तू चल. तो गेला.

मुलांच्या खोलीत बैठक होती, म्हणून खुर्च्याही मुलांच्याच. मोठमोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसली होती. प्रश्न विचारायची सुरुवात कोणी करेना, आणि एकदा झाल्यावर थांबेना. हा आजार आहे का? बाई म्हणाल्या, आजार नाही. अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड घालायची मेंदूची रीत वेगळी आहे. औषध? नाही. चष्मा? डोळे ठीक आहेत. मग पोरगं आळशी आहे का? उलट, एका पानासाठी ते इतरांच्या दुप्पट राबतं. बुद्धी कमी? बुद्धीचा याच्याशी संबंध नाही. मोठेपणी जातं का? जात नाही, पण नीट पद्धतीने, सावकाश शिकवलं तर वाचता येतं. येतं कुठून? बऱ्याचदा घराण्यातून येतं, असं बाई म्हणाल्या, तेव्हा खोलीतल्या सगळ्या नवरा-बायकोंनी एकमेकांकडे पाहिलं.

खिडकीपाशी गाडी चालवायला शिकवणारा एक आडदांड माणूस बसला होता. त्याने घसा खाकरून विचारलं, "माझा मुलगा म्हणतो, हे देवांच्या पोरांना असतं. अर्ध्या देवांना. पुराणात आहे का हो तसं काही?"

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. त्यांच्या माहितीत कुठल्याही जुन्या पुराणकथेत असं काही नाही, आणि असणार तरी कसं? त्या गोष्टी लोक ऐकून ऐकून सांगायचे, वाचणारी माणसं होतीच किती? कोणाला वाचता येत नाही हे कोणाच्या लक्षात आलं असतं? हे अलीकडच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी जोडलेलं आहे. अक्षरं पोहतात, कारण डोळे कुठल्याशा प्राचीन लिपीसाठी घडवलेत. एका जागी बसवत नाही, कारण अंग लढाईसाठी घडवलंय. मुलांना ते आवडतं, बरं वाटतं. "वाटू द्या," बाई म्हणाल्या. "फक्त शिकवणं थांबवू नका. देवाचं पोर असलं तरी त्याला रोज अर्धा तास घेऊन बसा."

त्याच्या आईचं वाक्य कोणीतरी परक्या खोलीत, परक्या माणसांपुढे, जसंच्या तसं बोलत होतं. त्याने आपल्याला काय वाटतंय ते चाचपून पाहिलं. काहीच हाताला लागलं नाही. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात आणि गाल असून नसल्यासारखा होतो, तसं आतून झालं होतं.

तेवढ्यात बहीण बोलून गेली की माझ्या या दादालाही अजून वाचता येत नाही. सगळ्या माना वळल्या. बाईंनी त्याला पुढच्या आठवड्यात एकट्याला बोलावलं. अर्थ नसलेले बनावट शब्द वाचायला दिले, शब्दांतले आवाज सुटे करून मागितले, त्याने शाळा कधी सोडली ते विचारलं. बहीण बाहेर बसली होती, तिला आत घेतलं आणि त्याला म्हणाल्या, "तुम्हालाही तेच आहे. जन्मापासून असणार. यात तुमची काही चूक नव्हती."

"बरं," तो म्हणाला.

काही विचारायचं असेल तर विचारा, असं त्या म्हणाल्या. सगळे काही ना काही विचारतात. त्याने जरा विचार केला आणि विचारलं, "तुमची लिफ्ट कोण बघतं? दार आपटतंय."

रस्त्यावर आल्यावर बहीण रडली. म्हणाली, म्हणजे बाबांनी उगाचच मारलं रे. तो म्हणाला, दाराचा रोलर गेलाय, बदलावा लागेल. तिला वाटलं असावं दादाला धक्का बसला. धक्का बसला असता तर त्याला कळला असता.

आई बहिणीकडेच राहायची. नजर अधू झाली होती, पण हाताला कापड लागल्याशिवाय तिला चैन पडत नसे. शिवता येत नव्हतं, म्हणून ती जुने कपडे उसवत बसायची. त्या संध्याकाळी वडिलांचीच एक पँट तिच्या मांडीवर होती. तो शेजारी बसला आणि त्याने तिला केंद्रातलं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, की ते देवांच्या लिपीचं तुला कुठून सुचलं होतं?

"कसली लिपी?"

त्याने सांगितलं. मशीन, कॉलरींचा गठ्ठा, पाठीवरचे वळ, अर्धा देव.

"मी म्हणाले असं?" आईने हातातलं थांबवलं. "मी कधी देवाचं नाव तरी घेते का?"

"तू म्हणाली होतीस. मी रडत होतो."

"रडत होतास तर म्हणाले असेन काहीबाही. गाडी यायची वेळ झालेली असायची, पोर गप्प व्हायला नको? तुझ्या बहिणीला सांगितलं होतं, कलिंगडाची बी गिळलीस तर कानातून वेल येईल. आठवडाभर कान झाकून फिरली." ती थोडी हसली. मग तिने विचारलं, "मग झालास का गप्प?"

"झालो."

"झालं तर मग," आई म्हणाली आणि पुन्हा टाके उसवायला लागली.

तिच्या पदरावर सुटलेले दोऱ्याचे तुकडे त्याने वेचून काढले, त्यांची गोळी केली आणि निघताना कचऱ्यात टाकली.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आई विसरली म्हणून ते खोटं ठरत नाही. तो म्हणाला, ते खरं तसंही कधी नव्हतं.

पुढचे काही आठवडे तसेच गेले. तो कामावर जायचा, दोराला वंगण लावायचा, दारं जुळवायचा. एका इमारतीत एक म्हातारी दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. त्याने तिला बाहेर काढलं, तेव्हा तिने त्याचे दोन्ही हात धरून आभार मानले. त्याला फक्त तिचे हात गार आहेत एवढं कळलं. जेवणात मीठ कमी असलं तरी तो बोलेना. बायकोने एक दिवस पेपरातली बातमी मुद्दाम उलटीसुलटी वाचली, आग लागून अग्निशामक दलच जळालं वगैरे. त्याने मान डोलावली.

मग बहिणीचा फोन आला. आवाजात आनंद होता. पोरगी आता शाळेला जाताना रडत नाही, पोट दुखत नाही. केंद्रातल्या पोरांकडून ऐकून आलीये आणि वर्गात सगळ्यांना सांगते, मी अर्धी देव आहे. त्याने फोन ठेवला. वाटलं अजूनही काही नाही, पण पाय उठले. त्याने अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोर जाऊन उभा राहिला. काय बोलायचं ते त्याने वाटेत जुळवून ठेवलं होतं. सांगायचं, की बाळा, हे घरात बोल, बाहेर नको. बाहेर लोक त्यातला देव टाकून देतात आणि अर्धं तेवढं ठेवतात.

भाची बाहेर आली. मामाला बघून खूश झाली, दप्तर त्याच्या खांद्यावर अडकवलं आणि बडबड सुरू केली. थोडं चालल्यावर त्याने विचारलं, वर्गात तुला कोणी चिडवत नाही?

"चिडवतात ना. एक मुलगा मला अर्धवट म्हणाला."

त्याची चाल मंदावली. "मग?"

"मग मी म्हटलं, निदान अर्धी तरी देव आहे. तुझ्यात किती आहे ते दाखव." तिने उडी मारून एक खड्डा ओलांडला. "आता आम्ही सहाजणी आहोत. त्यातल्या दोघींना मस्त वाचता येतं. पण त्यांनाही अर्धं देव व्हायचं होतं, फारच मागे लागल्या, म्हणून घेतलं."

त्याने जुळवलेलं सगळं तसंच राहिलं. सांगायला जागाच उरली नव्हती. त्याच्या वेळी जे एकट्याच्या माथी बसलं होतं, त्याच्यासाठी इथे मुली मागे लागत होत्या. त्याचं त्याला बरंही वाटलं नाही आणि वाईटही. दप्तर जड होतं एवढं जाणवलं.

"मामा, तुझा देव कोणता?"

"मला नाही ठाऊक."

"विचार करून सांग. विजेचा चालेल. लिफ्ट विजेवर चालते ना?" मग तिला काहीतरी आठवलं. "पण बाई म्हणतात, देव असलं तरी रोजचं वाचन करायचंच. मला आज चार ओळी आहेत. तुला?"

त्याला काहीच नव्हतं. बाईंनी मोठ्यांच्या वर्गाबद्दल सांगितलं होतं, दर शनिवारी सकाळी असतो म्हणून, आणि त्याने बघू म्हणून हात वर केले होते. हे बायकोला बहिणीकडून कळलं. तिने त्याला न विचारता नाव घातलं आणि शुक्रवारी त्याचा बरा शर्ट खुर्चीवर काढून ठेवला.

वर्ग त्याच खोलीत, त्याच बुटक्या खुर्च्यांवर भरायचा. एक केस कापणारी बाई होती, एक ट्रकवाला होता, एका हॉटेलातला स्वयंपाकी होता. ताटात वाळू पसरलेली असायची. अक्षराचा आवाज तोंडाने काढायचा आणि तेच अक्षर बोटाने वाळूत गिरवायचं. मोठी माणसं पाळण्यातल्या पोरांसारखी आवाज काढत बसायची, आणि पहिल्या दिवशी ट्रकवाल्याला हसू आवरेना. याला हसूही आलं नाही, लाजही वाटली नाही. सांगितलं तेवढं तो करायचा. महिने गेले. म आणि भ हळूहळू आपापल्या जागी उभे राहू लागले. एका शनिवारी त्याने एक अख्खं वाक्य अडखळत वाचलं, कुठल्याशा मांजराने कुठल्याशा चेंडूमागे धाव घेतल्याचं. शिकवणाऱ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. त्याने मान खाली घातली आणि पुढचं वाक्य कोणतं ते विचारलं.

पुढची गोष्ट घडली ती एका जुन्या कचेरीच्या इमारतीत. लिफ्टच्या खाली पिटात पाणी साचलं होतं. काम सुरू करायच्या आधी तळमजल्याच्या दारावर पाटी लावायची असते. त्याने ती पिशवीतून काढली, दाराला अडकवली, आणि त्याची नजर तिच्यावरून पुढे सरकली नाही. काम चालू आहे. त्याने वाचली होती. ओळखली नव्हती, वाचली होती. तो आकार इतकी वर्षं त्याच्या हातात होता. कोणती बाजू वर, तेवढं तो कोपऱ्यातल्या लाल ठिपक्यावरून ठरवायचा.

तो शिडीवरून पिटात उतरला. बादलीने पाणी उपसायला लागला. दोन-चार बादल्या झाल्या आणि पुढची बादली त्याने भिंतीवर आपटली. आधी वाटलं, हातातून निसटली. मग कळलं, राग आलाय. तीन शब्द. फक्त तीन शब्द होते ते. वडील गेले होते, मास्तर गेले असतील, आई विसरली होती. ज्याला धरून विचारावं असा कोणी राहिला नव्हता, तरी राग येतच होता. त्याने बादली उपडी केली आणि तिच्यावर बसला. वरून पहारेकऱ्याने वाकून विचारलं, "झालं का?"

"थांबा," तो ओरडला. त्याने कोणावर आवाज चढवलेला त्या इमारतीत कोणी ऐकला नव्हता. पहारेकरी मागे सरला.

थोड्या वेळाने तो उठला, उरलेलं पाणी काढलं, स्प्रिंग पुसून कोरडी केली, लिफ्ट चार वेळा वर-खाली करून पाहिली आणि पाटी काढून पिशवीत टाकली.

घरी बायको ताटं वाढत होती. तो हात धुऊन बसला आणि म्हणाला, "आज मला राग आला."

तिच्या हातात पळी तशीच राहिली. "कोणावर?"

"कळत नाही."

"फार?"

"फार."

तिने जरा विचार केला. "उद्याही येईल?"

"येईल बहुतेक."

"मग उद्या भांडी मी घासते," ती म्हणाली. "तुमच्या हातात काचेचं काही नको." तिने त्याला भात वाढला. त्याने पहिला घास घेतला आणि मीठ कमी आहे म्हणाला. तिने मिठाची बरणी त्याच्याकडे सरकवली.

शनिवारी तो वर्गाला गेला. त्या दिवशी जोडाक्षरं सुरू होणार होती, आणि ती सोपी नसतात असं ट्रकवाला आदल्या आठवड्यापासून सांगत होता.